विलायतेंतील फुटबॉलचा येता हंगाम

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत सोमवारीं सकाळीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं एक चमत्कारिक संभाषण ऐकूं येतें. ‘काल आपण दोन गोलांनीं हरलों’ असें एक विद्यार्थी खिन्न मुद्रेनें सांगतो, आणि दुसरा ‘आपण मात्र जिंकलों’ असें म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारतो. प्रथम आम्हांस वाटलें, कीं रविवारीं मुलांनीं गांवांत कोठें तरी सामना खेळला असावा. चौकशी करितां असें कळलें, कीं हे ‘आपण’ म्हणजे लिव्हरपूल व मँचेस्टर येथील संघ असून, बोलणारे दोघेही सद्गृहस्थ अद्याप सोलापुराच्या पलीकडे गेलेले नाहींत.

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां विलायतेंतील चालू हंगाम संपत आलेला असेल, आणि येत्या ऑगस्टांत नवा सुरू होण्याची चर्चा व्हरांड्यांत रंगूं लागली असेल. पालकांच्या सभेंत कांहीं मातापित्यांनीं आम्हांस विचारलें, कीं हा काय प्रकार आहे, मुलें मध्यरात्रीं उठून कां बसतात, आणि एखादा संघ हरला असतां घरांतील माणूस गेल्यासारखीं तोंडें कां करतात? या प्रश्नांस उत्तर द्यावें, व तें देतांना ज्या मुलांस फक्त खेळाडूंचीं नांवें पाठ आहेत त्यांसही दोन नव्या गोष्टी सांगाव्या, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मध्यरात्रीची गोष्ट. इंग्लंडांतील परंपरागत वेळ म्हणजे शनिवारीं दुपारचे तीन. त्या देशांत मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत घड्याळें एक तास पुढें केलेलीं असतात. त्या दिवसांत तेथले तीन म्हणजे आपल्याकडील सायंकाळचे साडेसात, आणि हिंवाळ्यांत साडेआठ. इतपत ठीक आहे. जेवणें होतात, अभ्यासही होऊं शकतो. परंतु आठवड्याच्या मधल्या दिवशीं तेथें रात्रीं आठ वाजतां सामना असला, म्हणजे येथें साडेबारा किंवा दीड वाजतो. पालकांची तक्रार या सामन्यांपुरती आम्हांस मान्य आहे. गंमत अशी, कीं शनिवारीं तीनचा जो सामना लातूरचा मुलगा घरीं बसून पाहतो, तो खुद्द इंग्लंडांतील मुलास चित्रवाणीवर पाहतां येत नाहीं. खालच्या वर्गांतील लहान संघांचे प्रेक्षक घरीं बसून राहूं नयेत, यासाठीं त्या वेळेंत देशांत प्रक्षेपण करावयाचें नाहीं, असा दंडक तेथें सुमारें १९६० पासूनच्या दशकापासून पाळला जातो. त्या मुलास पाहावयाचें असेल तर तिकीट काढून मैदानावर जावें लागतें. हा दंडक लक्षांत ठेवावा. पुढें जें सांगावयाचें आहे त्याशीं त्याचा संबंध आहे.

आतां लीग म्हणजे काय तें पाहूं. फुटबॉलचे सामने खेळविण्याच्या दोन रीती आहेत. एक बाद पद्धत, म्हणजे जो हरला तो घरीं गेला. इंग्लंडांतील एफ. ए. कप ही स्पर्धा १८७१ सालीं सुरू झाली ती याच पद्धतीची. तिच्यांत थरार मोठा. परंतु पहिल्याच आठवड्यांत हरलेल्या संघानें उरलेलें वर्षभर काय करावें, हा प्रश्न राहतोच. १८८५ सालीं खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता मिळाली, तेव्हां तर हा प्रश्न पोटाचा झाला. वेतन दर आठवड्यास द्यावयाचें, आणि सामना मात्र होईल कीं नाहीं याची शाश्वती नाहीं! ठरलेले स्नेहाचे सामने आयत्या वेळीं रद्द होत, प्रेक्षक दारावरून परत जात.

बर्मिंगहॅम येथें कापडाचें दुकान चालविणारे विल्यम मॅकग्रेगर नांवाचे एक स्कॉटिश गृहस्थ ॲस्टन व्हिला या संघाचा कारभार पाहत असत. त्यांनीं २ मार्च १८८८ रोजीं कांहीं प्रमुख संघांस पत्र पाठविलें, कीं आपण ठराविक संघांनीं मिळून एकमेकांशीं वर्षांतून दोन सामने खेळावे, एक आपल्या मैदानावर व एक दुसऱ्याच्या. आणि ठरलेला सामना कोणींही मोडूं नये. त्यांतून १७ एप्रिल १८८८ रोजीं मँचेस्टर येथें फुटबॉल लीग स्थापन झाली व ८ सप्टेंबरला पहिले सामने झाले. संघ बारा होते. सहा लँकेशायरचे आणि सहा मध्य इंग्लंडांतील. पहिल्या वर्षीं प्रेस्टन नॉर्थ एंड या संघानें बावीसपैकीं अठरा सामने जिंकले, चार बरोबरींत सोडविले, व एकही गमावला नाहीं.

मॅकग्रेगर हे मोठे धर्मशील गृहस्थ होते, आणि त्यांच्या ॲस्टन व्हिला संघाचा जन्मही एका वेस्लियन प्रार्थनामंदिरांतील तरुणांनीं १८७४ सालीं केलेल्या मंडळांतून झाला होता. याविषयीं आमच्या शाळेच्या वाचकांस विशेष कौतुक वाटावें, म्हणून थोडें अधिक सांगतों. एव्हर्टन हा संघ १८७८ सालीं सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मुलांनीं काढला. बोल्टन वाँडरर्स १८७४ सालीं एका रविवारच्या शाळेंतून निघाला; फुलहॅम १८७९ सालीं तसाच. मँचेस्टर सिटी, ज्याच्या एकेका खेळाडूच्या किंमतीचे आंकडे आमच्या विद्यार्थ्यांस पाढ्यांपेक्षां अधिक पाठ आहेत, तो सेंट मार्क्स चर्चच्या मंडळींनीं १८८० सालीं सुरू केला. गिरणीच्या वस्तींतील बेकार तरुणांनीं मद्य व मारामाऱ्या यांपासून दूर राहावें हा त्यांचा उद्देश. साउदॅम्प्टनच्या खेळाडूंस अद्यापि ‘संत’ असें म्हणतात, तें त्यांच्या वर्तनावरून नव्हे, सेंट मेरीज चर्चवरून. तेव्हां आमच्या शाळेच्या मैदानावर प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर चेंडू आदळतो म्हणून जे तक्रार करितात, त्यांनीं हा इतिहास ध्यानांत घ्यावा. (खिडकीची कांच फुटल्यास भरपाई मात्र द्यावीच लागेल.)

लीगचा हिशेब सोपा आहे. आज सर्वांत वरच्या वर्गांत, म्हणजे १९९२ सालीं जुन्या लीगपासून निराळी झालेल्या प्रीमिअर लीगमध्यें, वीस संघ असतात. आरंभीं बावीस होते. १९९५ पासून वीस झाले. प्रत्येक संघ उरलेल्या एकोणीस संघांशीं दोनदां खेळतो, म्हणजे प्रत्येकाचे अडतीस सामने होतात. आणि वीसास एकोणिसांनीं गुणिलें असतां एकंदर ३८० सामने. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. पूर्वीं विजयास दोनच गुण मिळत. त्यामुळें बरोबरीवर समाधान मानण्याची वृत्ति वाढते असें दिसल्यावरून १९८१ पासून तीन करण्यांत आले. दोन संघांचे गुण सारखे झाले, तर केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून जी बाकी उरते ती पाहतात. १९७६ पर्यंत वजाबाकीऐवजीं भागाकार करीत असत. दशांश अपूर्णांकांचा एवढा सदुपयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल, पण सामान्य प्रेक्षकाच्या डोक्यास तो ताप होई, म्हणून सोडून दिला.

सामन्यांचें वेळापत्रक दरवर्षीं जून महिन्यांत जाहीर होतें, साधारणतः आपल्याकडे मृगाचा पाऊस पडावा त्या सुमारास; आणि शेतकरी आभाळाकडे पाहतो तितक्याच आतुरतेनें तेथील लोक या पत्रकाकडे पाहतात. हें पत्रक गणकयंत्राच्या साहाय्यानें तयार करितात, तरी माणसांस डोकें घालावेंच लागतें. लिव्हरपूल व एव्हर्टन एकाच शहरांतील. दोघांचेही सामने एकाच दिवशीं आपापल्या मैदानावर ठेविले तर पोलिसांची त्रेधा उडेल. नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरला, सामने ठेवण्याची जुनी चाल; तेव्हां प्रेक्षकांस फार दूर जावें लागूं नये हेंही पाहिलें जातें. पूर्वीं तर खुद्द नाताळाच्या दिवशींही सामने होत. वरच्या वर्गांतील असा शेवटचा सामना १९६५ च्या नाताळांत ब्लॅकपूल व ब्लॅकबर्न रोव्हर्स यांच्यामध्यें झाला आणि ब्लॅकपूलनें तो चार विरुद्ध दोन गोलांनीं जिंकला.

या लीगचें खरें रहस्य शिखरावर नाहीं, तळाशीं आहे. वर्षाच्या अखेरीस शेवटचे तीन संघ खालच्या वर्गांत जातात, व त्या वर्गांतून तीन संघ वर येतात. खालच्या वर्गास चॅम्पियनशिप म्हणतात. त्यांत चोवीस संघ. पहिले दोन आपोआप वर चढतात, आणि तिसऱ्या जागेसाठीं त्यांच्या पाठोपाठच्या संघांत बाद पद्धतीचे सामने होऊन अखेरचा निर्णय लंडनच्या वेंब्ली मैदानावर होतो. त्याच्याही खालीं वर्ग आहेत, व त्यांच्या खालीं आणखी. शेवटीं एखाद्या खेड्यांतील गवताळ पटांगणापर्यंत ही शिडी जाऊन पोंचते. पटांगणावरच्या संघासही चढत चढत शिखर गांठण्यास नियमाची आडकाठी नाहीं, आणि शिखरावरच्यासही खालीं येण्यापासून नियमाचें संरक्षण नाहीं. लेस्टर सिटी हा संघ २०१६ सालीं सर्व भाकितें खोटीं ठरवून अजिंक्य झाला. तोच २०२३ सालीं खालीं गेला, २०२४ सालीं वर आला, व २०२५ सालीं पुन्हां खालीं गेला. पहिल्या वर्षीं अपराजित राहिलेला प्रेस्टनचा संघ १९६१ सालीं वरच्या वर्गांतून उतरला तो प्रीमिअर लीगमध्यें अद्याप एकदांही खेळलेला नाहीं.

म्हणून मे महिन्यांतील अखेरच्या रविवारीं पहिल्या क्रमांकाचा निकाल कधींच लागून गेलेला असला, तरी सतराव्या व अठराव्या क्रमांकासाठीं माणसें मैदानावर ढसढसा रडतांना दिसतात. त्यांत पैशाचाही भाग आहे. २०२३-२४ सालीं प्रीमिअर लीगमधील अगदीं तळाच्या संघासही प्रक्षेपणाच्या व इतर सामाईक उत्पन्नांतून १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. आपल्या हिशेबानें एक हजार कोटी रुपयांच्या घरांत. खालच्या वर्गांत त्याच्या कित्येक पटींनीं कमी मिळतें. उतरणाऱ्या संघास एकदम भुईवर आपटूं नये म्हणून दोन-तीन वर्षें कांहीं रक्कम देतात, व तिला तेथील लोक हवाई छत्रीची उपमा देतात. छत्री असली तरी पडावें लागतेंच.

हें सर्व आम्हीं पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाहीं. या शिडीवरून पडण्याचा एक प्रसंग महाराष्ट्राच्या अगदीं जवळचा आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांस फारसा ठाऊक नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. तो प्रसंग म्हणजे वर नाताळाच्या सामन्यांत उल्लेखिलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचा.

ब्लॅकबर्न हें लँकेशायरमधील, लातुराच्या निम्म्याहून कमी वस्तीचें गांव. त्याचें वैभव मागांवर उभें राहिलें. सूत कातण्याच्या ‘जेनी’ यंत्राचा शोध लावणारा जेम्स हारग्रीव्ह्ज हा त्याच परिसरांतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवचे माग मुख्यतः हिंदुस्थानासाठीं धडधडत असत. आमच्या पणजोबांच्या अंगावर जीं धोतरें होतीं, त्यांपैकीं बरींच या गांवीं विणलेलीं असत. कापूस मराठवाड्यासारख्या काळ्या जमिनींत पिकावा, कापड ब्लॅकबर्नला व्हावें, आणि तें पुन्हां येथें येऊन विकलें जावें, असा तो उलटा व्यवहार होता. स्वदेशीच्या चळवळीनें व पुढें जगांतील मंदीनें हे माग थंडावले. १९३१ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेले असतां ब्लॅकबर्नपासून थोड्याच मैलांवर असलेल्या डार्वेन येथें गिरणी-कामगारांस मुद्दाम भेटले. आणि ज्यांचें काम त्यांच्या बहिष्कारामुळें गेलें होतें, त्यांनींच त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें.

या मागवाल्यांच्या गांवांत फुटबॉलचें वेड प्रथमपासून भारी. १८८३ सालीं याच गांवच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक नांवाच्या कामगारांच्या संघानें ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा पराभव करून एफ. ए. कप जिंकला, आणि हा खेळ सरदारपुत्रांच्या हातून कष्टकऱ्यांच्या पायांशीं आला. १८७५ सालीं स्थापन झालेल्या रोव्हर्सनें पुढचीं तीन वर्षें तोच कप ओळीनें मिळविला. १८८८ च्या बारा संस्थापकांत तो होता; १९९२ च्या प्रीमिअर लीगच्या संस्थापकांतही होता. दोन्ही वेळां संस्थापक असलेले संघ तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन व ब्लॅकबर्न. गांवाचें व संघाचें ब्रीद एकच, लॅटिन भाषेंतील. त्याचा अर्थ ‘कौशल्यानें व श्रमानें’. १९९१ सालीं गांवचाच पोलादाचा व्यापारी जॅक वॉकर यानें संघ आपल्या हातीं घेऊन त्यावर पैसा ओतला. १४ मे १९९५ रोजीं, अखेरच्या दिवशीं, रोव्हर्स लिव्हरपूलला हरले; परंतु त्याच वेळीं लंडनमध्यें मँचेस्टर युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावें लागलें, आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणानें ब्लॅकबर्न अजिंक्य झालें. मध्यें एक्याऐंशी वर्षें गेलीं होतीं.

वॉकर २००० सालीं वारला. २०१० च्या नोव्हेंबरांत त्याच्या वारसांच्या विश्वस्त मंडळाकडून हा संघ पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजेच वेंकीज, या कुक्कुटपालनांतील प्रसिद्ध उद्योगसमूहानें सुमारें २ कोटी ३० लक्ष पौंडांस विकत घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं सुरू केलेल्या या धंद्यानें महाराष्ट्रांतील अंड्या-कोंबड्यांच्या व्यवसायाचें रूपच पालटून टाकलें, हें आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. कोंबड्यांच्या खाद्यांत सोयाबीनची पेंड हा मोठा घटक असतो, आणि लातूरची अडत सोयाबीनसाठीं देशांत नांवाजलेली. आमच्या मोंढ्यांतील पोत्यांचा व ब्लॅकबर्नच्या मैदानाचा असा कांहीं दूरचा संबंध असावा, अशी कल्पना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. ज्या गांवानें आम्हांस धोतरें पुरविलीं, त्या गांवचा प्राणप्रिय संघ पुण्याच्या मालकीचा झाला! २०११ च्या ऑक्टोबरांत तो पुण्यास बालेवाडीच्या मैदानावर येऊन पुण्याच्या संघाशीं खेळून व जिंकूनही गेला.

परंतु पुढची कथा सुखाची नाहीं. नवे मालक आल्यावर महिन्या-दीड महिन्यांतच जुन्या व्यवस्थापकास रजा मिळाली. पहिलें वर्ष कसें तरी निभावलें. दुसऱ्या वर्षीं प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे निषेध करूं लागले. ७ मे २०१२ च्या पावसाळी संध्याकाळीं स्वतःच्या मैदानावर विगनशीं सामना होता. तो हरला तर खालीं जाणें निश्चित. सामना चालूं असतां कोणी तरी संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचें वस्त्र पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडली. मालकांच्या धंद्यास तो टोमणा होता. ती बिचारी भांबावून इकडे तिकडे धांवत राहिली, खेळाडूंनीं तिला धरलें, खेळ पुढें चालूं झाला. आणि शेवटचीं तीन-चार मिनिटें उरलीं असतां विगननें गोल केला. अकरा वर्षें सलग वरच्या वर्गांत राहिलेला ब्लॅकबर्नचा संघ उतरला. त्या प्रकारास आम्ही विनोद म्हणूं शकत नाहीं. हजारों मैलांवरून कारभार चालविणें अवघड असतें हें खरें. तसेंच गांवची गोष्ट गांवाबाहेरच्यानें हातीं घेतली असतां गांवकऱ्यांचा जीव टांगणीला लागतो, हेंही खरें. मालकांनीं त्यानंतरही वर्षानुवर्षें संघाची तूट स्वतःच्या पदरच्या पैशानें भरून काढली, तें न सांगणें अन्याय होईल.

वजाबाकीचा उल्लेख वर केला आहे. तिचा प्रताप पाहावयाचा तर याच संघाचा पुढचा हिशेब पाहा. २०१७ च्या मे महिन्यांत चॅम्पियनशिपच्या अखेरच्या दिवशीं ब्लॅकबर्ननें आपला सामना जिंकला. त्याचे ५१ गुण झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ च. केलेल्या व खाल्लेल्या गोलांची वजाबाकी केली, तों दोघांचीही उणे आली. फॉरेस्टची उणे दहा, ब्लॅकबर्नची उणे बारा. या दोन गोलांपायीं एके काळचा अजिंक्य संघ तिसऱ्या वर्गांत गेला. गणिताच्या तासाला उणे संख्यांत मोठी कोणती हें सांगतांना जे विद्यार्थी गोंधळतात, त्यांनीं हें उदाहरण वहींत उतरून ठेवावें. २०१८ सालीं संघ एका वर्षांत परत दुसऱ्या वर्गांत आला. २०२३ सालीं वर चढण्याच्या उंबरठ्यावर पुन्हां तीच गत: सुंदरलंड व ब्लॅकबर्न यांचे गुण ६९-६९, वजाबाकींत सुंदरलंड सरस, आणि सहाव्याऐवजीं सातवी जागा. सुंदरलंड तर २०२५ सालीं वर चढलेंही. ब्लॅकबर्ननें मात्र २०१२ मध्यें वरचा वर्ग सोडला तो तेरा वर्षें उलटलीं तरी त्यास परत गांठतां आला नव्हता. तरीही गांवचे लोक शनिवारीं मैदानावर जातातच. वर सांगितलेला प्रक्षेपणाचा दंडक अशा गांवांसाठींच आहे.

आमच्याकडे काय स्थिति आहे? मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या राजधानीची फुटबॉलची परंपरा थोर आहे. मूळचे शाळामास्तर असलेले सय्यद अब्दुल रहीम यांनीं तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा ओळीनें पांच वर्षें जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं भारत १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें चवथा आला व १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. कोल्हापुरांत तालमींचे संघ अद्यापि असे खेळतात, कीं पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. परंतु २०१४ सालीं निघालेल्या इंडियन सुपर लीगमध्यें आरंभीं वरखालीं जाण्याची व्यवस्थाच ठेविली नव्हती. मालकानें शुल्क भरावें व संघ उभारावा. मग पुणें शहराच्या नांवाचा संघ २०१९ सालीं बंद झाला, आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानें घेतली. आमच्या जुन्या राजधानीस जागा मिळाली याचा आनंद मानावा, कीं पुण्याच्या प्रेक्षकांस एका सकाळीं संघच उरला नाहीं याचें दुःख मानावें, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. ब्लॅकबर्न दोन पायऱ्या खालीं गेलें, पण तें ब्लॅकबर्नच राहिलें. शिडी उभी होती, म्हणून पुढच्या वर्षीं एक पायरी चढतांही आली.

तेव्हां येत्या हंगामांत आमच्या विद्यार्थ्यांनीं पहिल्या चार संघांच्याच बातम्या न वाचतां तळाच्या पांच संघांकडेही लक्ष ठेवावें, अशी आमची सूचना आहे. नुकतेच वर चढून आलेले तीन संघ कोणते, तें जूनमधील पत्रकावरून पाहावें. त्यांच्या गांवांचीं नांवें नकाशांत शोधावीं. तेथें कोळसा निघे, कीं जहाजें बांधीत, कीं कापड विणीत, हें भूगोलाच्या पुस्तकांत पाहावें. बहुतेकांचें उत्तर या तिहींत सांपडेल. सामन्यावर पैसे लावण्याचें जें खूळ मोबाइलमधून घरोघर शिरूं पाहत आहे, त्यापासून दूर राहावें, हें मिशनच्या शाळेंत निराळें सांगण्याची गरज नसावी; तथापि दहावींतील कांहीं विद्यार्थी वडापावावर पैजा मारतात असें आमच्या कानीं आलें आहे.

आतां आमच्या स्वतःच्या हंगामाविषयीं. शाळेचे वार्षिक सामने आजवर बाद पद्धतीनेंच होत आले. आठवी ते दहावीच्या सहा तुकड्या. पांच सामन्यांत सर्व आटोपे, बक्षिसें वांटलीं जात, आणि जाळीं गुंडाळून ठेविलीं जात. गेल्या डिसेंबरांत सामने संपल्यावर दहावी ‘ब’मधील कांहीं मुलें शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं. त्यांनीं सांगितलें, कीं आठवींत असल्यापासून तीन वर्षांत आमच्या तुकडीस एकंदर तीन सामने खेळावयास मिळाले; तिन्ही वेळां आम्ही पहिल्याच दिवशीं हरलों. त्यांत तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही मात्र त्या दिवशीं अंमळ खजील झालों. मॅकग्रेगर साहेबांनीं १८८८ सालीं जो प्रश्न सोडविला, तो आमच्या अंगणांत तसाच पडून होता, आणि आम्ही मुलांस लिव्हरपूलचें वेड कां लागलें म्हणून पालकांबरोबर चर्चा करीत होतों.

म्हणून येत्या जुलैपासून तुकड्यांचे सामने लीग पद्धतीनें खेळविण्याचें ठरलें आहे. प्रत्येक तुकडी दुसरीशीं दोनदां खेळेल. सहास पांचांनीं गुणून तीस सामने. मैदान एकच असल्यानें दोन्ही सामने त्यावरच होतील, परंतु यजमान तुकडीस मैदान आंखण्याचा मान व श्रम दोन्ही मिळतील. विजयास तीन गुण. दर शनिवारीं दोन सामने धरिले, तर पंधरा शनिवार लागतात. सुट्या व चाचणी परीक्षा वगळून जानेवारीपर्यंत सर्व पुरे होतें. पावसाचा अडथळा येईल असें कांहीं शिक्षकांचें म्हणणें पडलें. लातुराच्या काळ्या चिकण मातींत एक जोराची सर आली कीं बूट रुतून बसतात, हें खरें आहे. परंतु २०१६ सालीं ज्या गांवीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें पावसाची भीति बाळगणें आम्हांस शोभत नाहीं. सामना बुडाल्यास पुढील बुधवारीं होईल. वर्गावर्गांत खालीं उतरण्याची पद्धत ठेवावी काय, यावर शिक्षकांत मतभेद झाला. सहाच तुकड्या असतांना उतरून जाणार कोठें, या एका प्रश्नावर तो मिटला.

पहिला सामना जुलैच्या पहिल्या शनिवारीं आठवी ‘ब’ व दहावी ‘अ’ यांमध्यें आहे. ज्या मुलांनीं हा प्रश्न काढला, तीं तोंपर्यंत शाळा सोडून गेलेलीं असतील. त्यांच्यापैकीं दोघांनीं पंचाचें काम करण्याची इच्छा कळविली आहे. त्यांनीं शनिवारीं साडेचार वाजतां यावें. शिट्टी शाळेंतून मिळेल.